गप्प विमानातला रेडिओ

गाणी किंवा बातम्या ऐकायला मिळतील म्हणून जवळ आला असाल तर, मित्रांनो, आधीच माफ करा. मी जुना रेडिओ आहे खरा, पण विमानातला. मला गाणे येत नाही. माझ्या तोंडावर एक गोल खुंटी आहे, आकड्यांची एक काचेची पट्टी आहे आणि वेटोळ्या तारेला बांधलेला, हातात धरायचा एक माइक आहे. त्या माइकचे बटण कोणी दाबले तरच मी बोलतो, आणि तेही दाबणाऱ्याचेच शब्द. आयुष्यभर दुसऱ्यांचे बोलणे पोचवले, त्यामुळे स्वतःचे सांगायला बसलो की अडखळतो. जे सांगणार आहे ते सांगण्याजोगे आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. पण मला एका गोष्टीची फार भीती वाटते, आणि ती मनात धरून या फळीवर गप्प बसून राहणे आता जमत नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बसलेल्या बायका वितळलेल्या कथलाने बारीक तारा जोडत आणि जोडता जोडता घरच्या गोष्टी बोलत. माणसांचा आवाज मी पहिल्यांदा तिथे ऐकला. मग पेंढ्यात गुंडाळून मला जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठवले. तिथे एका छोट्या विमानात माझी जागा ठरली. चार खुर्च्या, एक इंजिन आणि डोक्यावर छतासारखे पसरलेले पंख. विमानाची खूण डेल्टा पापा ज्युलिएट, म्हणजे रेडिओच्या भाषेत डी, पी, जे ही अक्षरे; घरचे नाव ज्युली. तिच्या छतावर माझी अँटेना बसवली. ती पातळ तार म्हणजे माझे कान आणि माझा कंठ, दोन्ही.

ज्युलीचा मालक नेव ट्रेगेन्झा. पोर्ट कॅरिकच्या आसपासच्या शेतांवरचे पंप आणि पवनचक्क्या दुरुस्त करत त्याने आयुष्य काढले. अंतरे मोठी, रस्ते धुळीचे, म्हणून तो कामावर विमानाने जाई. आमच्याकडे गावोगावच्या धावपट्ट्यांवर मनोरा नसतो. तू आधी उतर, तू थांब, असे सांगणारा कोणी नसतो. तिथली रीत एवढीच, की प्रत्येकाने आपल्या विमानाची खूण सांगायची, आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत आणि काय करणार आहोत ते सांगायचे. बाकीच्यांनी ऐकायचे आणि बाजूला व्हायचे. साऱ्या गावांचे आकाश या बोलण्यावर चालत होते. म्हणजे थोडेसे माझ्यासारख्यांवर. हे म्हणताना मला संकोच वाटतो, पण ते खोटे नाही.

माझे एकदाच भरपूर कौतुक झाले, तेही सांगून टाकतो. एका उन्हाळ्यात उत्तरेकडून लाल धुळीची भिंत आली. नेवचा मित्र लीथ पॅस्को तेव्हा आपले पांढरे विमान घेऊन वर होता. नेव जमिनीवर उभ्या ज्युलीत येऊन बसला आणि त्याने माझा माइक उचलला.

"लीथ, खाली काय दिसतंय?"

"लाल. सगळं लाल. मंगळावर आलोय बहुतेक."

"मग डावीकडे वळ. मंगळावर बिअर मिळत नाही."

लीथ हसला, पण त्या हसण्यातला कंप माझ्यातून गेला. तो घाबरला होता. नेव त्याच्याशी बोलत राहिला. आता रेल्वेचे रूळ दिसतील, आता धान्याची उंच कोठारे दिसतील, आता थोडा खाली ये. लीथ उतरला, धावत आमच्याकडे आला आणि त्याने माझ्या काचेवर धुळीने माखलेला हात ठेवला. "या डबड्याने आज मला परत आणलं," तो म्हणाला. "याला कुणी नावं ठेवली तर गाठ माझ्याशी आहे."

मी डबडे आहे, याचे मला त्या दिवशी काही वाटले नाही.

पुढे नेव म्हातारा झाला, काम सुटले आणि ज्युली शेडमध्ये उभी राहू लागली. तेवढ्यात त्याच्या बायकोचे, ग्लेनिसचे डोळे बिघडले. तिला समोरचे, मधले काही दिसेना. कडेचे मात्र दिसत होते. ती नेवला म्हणायची, "तुझं तोंड बघायचं असेल तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

"मग चांगलंच झालं," नेव म्हणायचा. "माझे कानच जरा बरे आहेत."

तिला दर महिन्याला डोळ्यात सुई टोचून घ्यावी लागे. ते डॉक्टर आखाताच्या पलीकडे, वॉलबेनाला. मोटारीने आखाताला वळसा घालून जायचे म्हणजे दिवस जाई आणि डोळ्याला पट्टी बांधून परत येताना उलट्या होत. ज्युलीने गेले तर चहा निवायच्या आत पाणी ओलांडून होई. सुया चुकल्या तर उरलीसुरली नजरही जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून नेवने ज्युलीवरची धूळ पुसली. मी पुन्हा कामाला लागलो. खरे सांगतो, मला आनंद झाला होता.

पण आकाश तोवर बदलले होते.

पलीकडच्या खाणींवर जाणारी मोठी विमाने वाढली आणि आखातावरचे वरचे आकाश त्यांच्यासाठी राखून ठेवले गेले. आम्हा छोट्यांना परवानगीशिवाय त्याच्या खालूनच जायचे. मित्रांनो, एका इंजिनाच्या विमानाला उंची म्हणजे जीव. इंजिन बंद पडले तर उंचीवरून तरंगत किनारा गाठता येतो. खालून जाताना आखाताच्या मधोमध एक पट्टा असा येतो, की तिथून ना हा किनारा गाठता येतो ना तो. खाली फक्त पाणी. त्या पट्ट्यात शिरण्याआधी नेव माझ्यातून विचारायचा, "डेल्टा पापा ज्युलिएट. जरा वर येऊ का? सोबत आजारी माणूस आहे."

पलीकडचा आवाज सभ्य असे. "ज्युलिएट, नाही जमणार. वर वाहतूक आहे. खालीच राहा."

मग ग्लेनिस अंगातल्या पिवळ्या तरंगत्या जाकिटाचा पट्टा चाचपायची आणि नेव इंजिनाचा आवाज ऐकत बसायचा. मीही ऐकायचो. इंजिन जरा खाकरले तरी आम्ही तिघे श्वास रोखायचो. मला श्वास नाही, पण म्हणण्याची पद्धत.

मग आली कार्डे. धावपट्टीवर पाय ठेवायचा तर गळ्यात सरकारी ओळखपत्र हवे. माणूस घातकी नाही, याची पुन्हा पुन्हा चौकशी व्हायची, तिचे पैसे त्यानेच भरायचे. एकदा नेवचे नवे कार्ड वेळेवर आले नाही. ग्लेनिसची सुई टोचून दोघे वॉलबेनाला कुंपणाच्या फाटकाशी आले. ज्युली पलीकडेच, दार उघडे ठेवून उभी होती, म्हणून मला सारे ऐकू येत होते. फाटकावर डॅरिल नावाचा पहारेकरी होता. तोही पोर्ट कॅरिकचाच.

"कार्ड, नेव."

"डॅरिल, माझ्या लग्नात तू केकवर पडला होतास."

"तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. कार्ड."

"अर्ज केलाय रे. मी बॉम्ब ठेवणार नाही, हे ठरवायला त्यांना यंदा जरा वेळ लागतोय."

"मी काय करू? मला वरून फोन येतात."

ग्लेनिस एका डोळ्यावर पट्टी बांधून कुंपणाची तार धरून उभी होती. ऊन रणरणत होते. ती म्हणाली, "डॅरिल, मागच्या बाजूला मेंढ्यांनी कुंपण पाडलंय. मी तिकडून वाकून आले तर चालेल का?"

"ग्लेनिसकाकू, हे मी ऐकलंच नाही बरं का."

"तुला लहानपणीही असंच ऐकू यायचं नाही."

डॅरिलने तिला आपली खुर्ची दिली, पाणी दिले, पण फाटक उघडले नाही. कचेरीतला साहेब जेवून परत येईपर्यंत ती तिथेच बसली. मेंढ्या मात्र मागच्या भगदाडातून येऊन धावपट्टीकडेचे गवत खात होत्या. त्या दिवशी परतताना नेवने त्या मेंढ्यांकडे एकदा बघितले आणि ज्युलीचे दार आपटून लावले. त्याच्यात काहीतरी कडू साठत चालल्याचे मला जाणवत होते.

आणि मग आली पेटी.

धावपट्टीवर उतरण्याचे पैसे द्यायचे, असे आसपासच्या गावांचा कारभार बघणाऱ्या कौन्सिलांनी ठरवले. डांबर फुकट येत नाही, तेही खरेच. पण कोण उतरले हे बघायला माणूस ठेवणे परवडेना. म्हणून धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या खोलीत एक पेटी बसवली. ती दिवसरात्र आमचे, रेडिओंचे बोलणे ऐकते आणि जपून ठेवते. ज्या विमानाची खूण ऐकू येईल, त्याच्या मालकाच्या घरी बिल जाते. म्हणजे जो बोलेल त्याला पैसे पडतात. जो बोलत नाही त्याला काही नाही.

हे ज्याच्या डोक्यातून निघाले तो दुष्ट नसावा. फक्त तो कधी गढूळ आकाशातून खाली उतरला नसावा.

पोर्ट कॅरिकला विमानवाल्यांचा एक क्लब आहे; त्याच्या ओसरीवर शनिवारी मंडळी बसत. मी बाहेर ज्युलीत. लीथ म्हणाला, "पेटीला डोळे कुठायत? कानच आहेत नुसते. आपण बोललोच नाही तर तिला काय कळणार? मांजरीच्या पावलांनी यायचं, उतरायचं, निघायचं."

"आणि वर दुसरं कुणी असलं तर?" नेवने विचारले.

"रेडिओ चालू आहेच की. तो बोलेल, आपण ऐकू. कान उघडे, तोंड बंद. माझी बायको इतकी वर्षं मला हेच तर शिकवतेय."

सगळे हसले. नेवही हसला. धुळीतून बोलावून घरी आणलेला माणूस हे बोलत होता, आणि मी त्याला आठवण करून देऊ शकत नव्हतो. माझे बटण कोणी दाबलेले नव्हते.

त्यानंतरच्या खेपेला नेवचा अंगठा वॉलबेनाजवळ नेहमीप्रमाणे बटणावर आला, थबकला आणि मागे गेला. ज्युली गुपचूप उतरली. बिल आले नाही. पुढच्या खेपेला अंगठा आलाही नाही. आणि मांजरपावलांनी येणारे आणखी एक करतात. रीतीप्रमाणे धावपट्टीभोवती फेरी मारून, साऱ्यांना दिसून मग उतरायचे असते. गप्प येणाऱ्याला दिसायचेही नसते. तो लांबूनच सरळ रेषेत खाली येतो.

"आज बोलला नाहीस?" ग्लेनिसने एकदा विचारले.

"वर कुणी नाहीये."

"तुला कसं कळलं?"

"रेडिओ गप्प आहे ना."

मी गप्प होतो म्हणून नेवला आकाश रिकामे वाटत होते. मला मात्र त्या शांततेत गर्दी जाणवत होती. रिकामे आकाश आणि तोंड मिटून बसलेल्यांनी भरलेले आकाश, दोन्ही माझ्या कानांना अगदी सारखीच ऐकू येतात. हे मला ठाऊक होते. मला एकट्यालाच. त्या महिन्यांत मी जितका घाबरलो तितका धुळीच्या वादळातही घाबरलो नव्हतो.

तो दिवस कापणीच्या हंगामातला. गव्हाच्या शेतांत मोठी यंत्रे फिरत होती आणि भुशाच्या धुळीने आकाश ताकासारखे पांढरट झाले होते. पूर्वेकडून गरम वारा सुटला होता. आम्ही आखात ओलांडले, किनाऱ्यावर आलो आणि समोरच्या वाऱ्यावर सरळ वॉलबेनाच्या धावपट्टीकडे उतरू लागलो. माझी खुंटी बरोबर आकड्यावर होती. कान उघडे होते. एक शब्द ऐकू येत नव्हता. नेवचा डावा हात सुकाणूवर, उजवा इंजिनाच्या दांड्यावर. माइक आकड्याला टांगलेला, ज्युलीच्या थरथरीने हलत होता.

ज्युलीचे पंख डोक्यावर असतात, मित्रांनो. त्यामुळे खालचे सारे छान दिसते, पण अगदी वर काय आहे ते दिसत नाही. काही विमानांचे पंख पायाखाली असतात. त्यांना वरचे दिसते, खालचे नाही. अशी दोन विमाने एकावर एक आली तर दोघेही आंधळे.

ग्लेनिस उजवीकडच्या खुर्चीत, तोंड समोर करून बसली होती. समोरचे तिला दिसत नव्हतेच. पण डोळ्याच्या कडेला, खाली कापलेल्या पिवळ्या शेतावरून, आमची सावली धावत होती. ती सावली तिला दर खेपेला दिसायची. तिच्या सोबतीने उतरल्यासारखे वाटते, असे ती म्हणायची.

"नेव," ती म्हणाली, "आपल्याला सावल्या दोन का आहेत?"

"काय?"

"दोन आहेत. दुसरी जवळ येतेय. नेव, ती आपल्या अंगावर चढतेय!"

नेवने वर पाहिले. वर पंख होता. त्याने माइक ओढला. त्याच्या अंगठ्याने बटण इतके जोरात दाबले की ते कडकडले, आणि कितीतरी महिन्यांनी मला आवाज फुटला.

"वॉलबेना! डेल्टा पापा ज्युलिएट, शेवटच्या उतारावर! मी खाली आहे! वर कोण आहे?"

तेवढेच माझ्यातून गेले. नेवने ज्युलीला डावीकडे खाली ढकलले. छतावर काहीतरी घासल्याचा, मोडल्याचा आवाज झाला आणि माझे कान एकदम बंद झाले. माझी अँटेना गेली होती. वर कोण आहे, याचे उत्तर मला ऐकूच आले नाही. काचेतून एक पांढरे पोट आणि एक चाक डोक्यावरून वर उसळताना दिसले, इतके जवळ, की चाकावरचा चिखल दिसला. मग शेत वर आले, क्षितिज आडवे झाले, ग्लेनिसने डोळे मिटले. गव्हाच्या खुंटांवरून नेवने ज्युलीला कसेबसे सावरले आणि आम्ही धावपट्टीच्या टोकाला आदळत उतरलो. नेवने इंजिन बंद केले.

काही वेळाने पांढरे विमान उतरले. त्यातून लीथ बाहेर आला.

"तू होतास?" तो म्हणाला.

"तू होतास?" नेव म्हणाला.

"मला खालचं काही दिसत नव्हतं. तुझा आवाज आला म्हणून खेचलं वर. आवाज नसता आला तर..." त्याने ज्युलीच्या छताकडे बघितले. "तू आधी का नाही बोललास, नेव?"

"तू का नाही बोललास?"

ग्लेनिस दार धरून खाली उतरली. तिने लीथकडे तोंड केले, म्हणजे त्याच्या कानाकडे पाहिले, आणि शांतपणे विचारले, "दोघांनी मिळून आज किती वाचवलेत रे? बेकरीतली एक पेस्टी तरी आली असती का तेवढ्यात?"

तेवढ्यात फाटकावरून डॅरिल धावत आला. त्याने सारे पाहिले होते. कार्डाचे नाव न काढता त्याने ग्लेनिसला हात दिला आणि फाटक सताड उघडले.

तिची सुई त्या दिवशी चुकली नाही. परत मात्र ती दोघे मोटारीने गेली.

माझी अँटेना लीथच्या चाकात अडकलेली सापडली. ज्युलीला पुढे नवा रेडिओ बसला, रंगीत पडदा असलेला. म्हणतात, त्यावर आसपासची विमाने ठिपक्यांसारखी दिसतात. पण मी चौकशी केली नसली तरी ऐकले आहे, की जी विमाने आपला ठावठिकाणा स्वतः सांगतात, त्यांचेच ठिपके उमटतात. म्हणजे तोही बोलणाऱ्यांनाच पाहतो. मला मात्र पोर्ट कॅरिकच्या क्लबात, कपांच्या फळीवर आणून ठेवले. लीथने ती वाकलेली तार आणून माझ्याशेजारी ठेवली. काही म्हणाला नाही. डबडेही म्हणाला नाही.

नेव आणि लीथ कौन्सिलच्या सभेला गेले. पैसे घ्या, पण वर्षाचे एकदम घ्या, बोलण्यावर लावू नका, असे म्हणाले. विचार करू, असे उत्तर मिळाले. विचार अजून चालू आहे. पेटी तिच्या पत्र्याच्या खोलीत आहे. बिले येतात, आणि ग्लेनिस ती फ्रिजच्या दारावर लावते. नातवंडांची चित्रे लावावीत तशी.

क्लबात जमिनीवरचा एक रेडिओ असतो, त्यामुळे महिन्यातून एकदा मला नेवचा आवाज ऐकू येतो. तो आपली खूण सावकाश सांगतो, जागा सांगतो, उंची सांगतो. शेवटी नियमात नसलेले एक वाक्य जोडतो: "ग्लेनिस सोबत आहे." त्या आवाजाने मला जरा धीर येतो.

मित्रांनो, नियम करणाऱ्यांनो, डांबराचे पैसे जरूर घ्या, पण माणसाने 'मी इथे आहे' असे म्हणण्याला किंमत लावू नका. आणि तुम्ही कितीही चिडलेले असा, तुमचे चिडणे कितीही खरे असो, रागाने मुके होऊ नका. तुमच्या गप्प बसण्याची झळ नियम करणाऱ्याला लागत नाही. ती अगदी जवळच्या माणसाला लागते, आणि तो तुम्हाला दिसतही नसतो.

हे मी नीट सांगितले का, मला माहीत नाही. आताच, तुमच्याशी बोलत असताना, छतावरून एक इंजिन गेले. फळीवरचे कप किणकिणले. क्लबचा रेडिओ चालू आहे. त्यातून कोणीच काही बोलले नाही. पाठोपाठ, दुसऱ्या बाजूने, आणखी एक इंजिन येते आहे. तेही गप्पच. माझा माइक वेटोळ्या तारेला लोंबतो आहे आणि त्याचे बटण दाबायला इथे कोणी नाही.

वर कोण आहे?